खर्जाचा खर्च

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात वाद्यवृंदाची ओळख करून देताना निवेदक दरवर्षी माझ्याकडे हात करून म्हणतो, “आणि गिटारवर...” तेवढ्यात खरा गिटारवाला खाकरतो. निवेदक हातातला कागद बघतो, मग मला बघतो आणि म्हणतो, “...म्हणजे, हीसुद्धा गिटारच!” टाळ्या पडतात. न्यू जर्सीतल्या मराठी जगात बेस गिटारची, म्हणजे सहाऐवजी चार तारांच्या, खर्जाचे सूर वाजवणाऱ्या गिटारची, कहाणी इथं सुरू होते आणि बहुधा इथंच संपते. फार तर मध्यंतरात एखादे काका बटाटेवड्याची ताटली घेऊन येतात आणि आपुलकीनं विचारतात, “तुझ्या दोन तारा तुटल्या का गं?”

अशा वाद्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसं सहा हजार, आठ हजार, प्रसंगी बारा हजार डॉलर मोजतात हे मला ठाऊक होतं. नवऱ्याला नव्हतं. म्हणून तर तो एका बेसावध संध्याकाळी बोलून गेला, “घे की एक चांगलासा. एकदाच काय ते घेऊन टाक.” त्याला वाटलं, विषय मिटला.

ह्या सगळ्या गोंधळाचा मूळ पुरुष म्हणजे लिओ फेंडर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळी बेसवाले माणसाहून उंच डबल बेस गावोगाव वाहून न्यायचे आणि एवढं करून ड्रम वाजायला लागले की तो कुणाला ऐकू जायचा नाही. फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला. लाकडाची फळी, चार तारा, तारांची थरथर टिपणारा एक पिकअप, आवाजाचं एक बटण, टोनचं एक बटण. नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, फ्रेटच्या आडव्या पट्ट्या, त्यामुळे सूर नेमका लागणार. किंमत दोनशे डॉलरच्या आत. इथं थांबला असता तर माझं आयुष्य सुखाचं झालं असतं. पण १९६० मध्ये त्यानं जॅझ बेस आणला. नेक वरच्या बाजूला निमुळता, पिकअप दोन. त्या दिवसापासून बेसवाल्यांत पी-वाले आणि जे-वाले अशा दोन शाखा पडल्या, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार जेमतेमच होतो.

आज महागडे कारागीर जे घडवतात त्यातलं कितीतरी ह्या दोघांच्याच पोटी जन्मलेलं असतं. लाकूड उंची, काम कोरीव, किंमत आभाळात. म्हणजे तत्त्वतः निवड दोहोंतूनच करायची. नवऱ्याला मी हे असंच सोपं करून सांगितलं. तो म्हणाला, “मग नाणं उडव.” इंजिनिअर माणूस आहे.

पहिली पायरी म्हणजे व्हिडिओ. एक गंभीर चेहऱ्याचा माणूस एकामागून एक बेस घेतो, प्रत्येकावर तीच चार वाक्यं वाजवतो आणि म्हणतो, ‘फरक ऐकलात ना?’ आता बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते. पाच तारांचा घेतला तर ३१ वर. लॅपटॉपच्या स्पीकरला हे आकडे झेपतच नाहीत, तो फक्त वरवरची टकटक ऐकवतो. तरी खाली शेकडो लोक लिहून गेलेले असतात की दुसऱ्याचा खर्ज जास्त उबदार आहे. मी हेडफोन लावून बसले. मला फरक ऐकू आला. दुसऱ्या रात्री तोच फरक उलटा ऐकू आला.

तेव्हा दुकानं पालथी घालणं आलं. आई तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि घरात एकटी बसून कंटाळत होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. दुकानातल्या मुलानं आमच्याकडे बघून अत्यंत अदबीनं विचारलं, “मुलासाठी बघताय का?” मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं आईकडे बघितलं. मी म्हटलं, नाही, तीन पिढ्यांत मीच.

त्या दुकानात मी रेलिक हा प्रकार पहिल्यांदा हाताळला. फेंडरचं कस्टम शॉप नवा कोरा बेस बनवतं आणि मग पद्धतशीर जुना करतं. रंगाचे पोपडे काढतं, कोपरं ठेचतं, स्क्रू गंजवतं. त्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. ‘क्लोजेट क्लासिक’ म्हणजे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्यासारखा, त्यापुढे ‘जर्नीमन’ म्हणजे थोडाफार वापरल्यासारखा, मग ‘रेलिक’ आणि त्याही पुढे ‘हेवी रेलिक’, म्हणजे तीस वर्षं बारमध्ये वाजवून, बिअर सांडून, व्हॅनमागून फरपटत आणल्यासारखा. ज्या समाजात टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट मरेपर्यंत काढत नाहीत त्या समाजात मी वाढले. मला तो बेस हातात धरवेना.

आईनं चष्मा लावून नीट बघितलं. “मेले, पोपडे निघालेत की सगळे! ह्याचे कमी करतील ना?”

“नाही आई, ह्याचे जास्त घेतात.”

“जास्त? मग तुझ्या बाबांच्या स्कूटरचे किती येतील?”

खरं तर ह्या खुळामागे एक कारण आहे. १९६५ मध्ये फेंडरनं आपली कंपनी सीबीएस ह्या बड्या प्रसारण कंपनीला विकली, आणि त्याआधीच्या बेसना पुढे सोन्याचा भाव आला. तो ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान जखमा तरी विकत घ्याव्यात, अशी ही सोय. पण हे आईला कुठल्या शब्दांत सांगणार?

बेसच्या नेकवर जिथं बोटं पडतात त्या फळीवरून मात्र तिनं हात फिरवला आणि लगेच ओळखलं. “ही आपली शिसवी गं.” चिठ्ठीवर ‘ईस्ट इंडियन रोझवूड’ असं लिहिलेलं. मिरजेच्या घरात ज्या लाकडाचं आजीचं कपाट होतं त्याच लाकडाचा तुकडा इथं अमेरिकन मेपलवर चिकटून बसला होता. ह्या शिसवीचीही एक इमिग्रेशनची कथा आहे. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवूडच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. बेस एका देशातून दुसऱ्या देशात विकायचा तर परवाने, शिक्के, अर्ज. कारागीर कागदपत्रांनी इतके पिडले की कित्येकांनी दुसरी लाकडं वापरायला घेतली. २०१९ च्या अखेरीस वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसवीचं काम जेमतेम तीन वर्षांत झालं. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

नंतर प्रश्न आला वजनाचा. चाळिशीपर्यंत बेसवाली माणसं आवाजाबद्दल बोलतात, चाळिशीनंतर पाठीबद्दल. चांगल्या दुकानांत प्रत्येक बेसच्या चिठ्ठीवर वजन औंसापर्यंत लिहिलेलं असतं आणि नऊ पौंडांच्या वर गेलेल्या बेसकडे माझ्या वयाची गिऱ्हाइकं उसासा टाकून पाठ फिरवतात. चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. भारतात जाताना बॅगा तोलायचा तो हुकाचा काटा मी पर्समधून काढला, बेसच्या पट्ट्यात अडकवला आणि उचलला. मुलगा बघत राहिला. आई म्हणाली, “तेवीस किलोच्या आत आहे ना? मग घे.”

वाजवून बघण्याबद्दल न बोललेलंच बरं. दुकानात बेस हातात घेतला की जो तो अंगठ्यानं तारा बडवायला लागतो. जे कुठल्याही कार्यक्रमात कधी वाजवायचं नाही तेच तिथं वाजवतात. मला ते जमत नाही आणि आमच्या मंडळात त्याचा उपयोगही नाही. मी आपला लावणीचा ठेका धरला. मुलगा कान देऊन ऐकायला लागला. “हे कुठलं फंक आहे?” “कोल्हापूरचं,” मी म्हटलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

बेस बनवणाऱ्यांच्या माझ्या यादीतली काही नावं भराभर गळली. अलेम्बिक किमतीवर गेला, वॉरविक वजनावर. उरले न्यूयॉर्कचे दोघं. रॉजर सॅडोव्हस्की १९७९ पासूनचे. स्टुडिओत वाजवणारी मंडळी आपले फेंडर घेऊन त्यांच्याकडे जात आणि ते त्यात प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, बसवून देत. बेसवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस त्यांच्याच हाताखालून गेलेला. दुसरे ब्रुकलिनचे फोडेरा, १९८३ पासून, बेसच्या डोक्यावर फुलपाखरू, बेसवादक व्हिक्टर वूटनच्या हातात बघून बघून आमच्या पिढीला स्वप्नात येणारे. फोडेराच्या पुढच्या बाजूला जे लाकूड लावतात ते बघून माणूस किंमत विचारायचं विसरतो, आणि विचारल्यावर बाकीचं सगळं विसरतो. मी आकडा सांगितला तेव्हा नवऱ्यानं सवयीनं रुपयांत केला. इथं येऊन आम्हाला इतकी वर्षं झाली, पण दुःखाचे हिशोब अजून रुपयांतच होतात.

मग थोड्या वेळानं त्याला कंठ फुटला. “मला एक सांग, वीज लाकडातून जात नाही ना?”

“नाही.”

“पिकअप लोहचुंबकाचा, तार लोखंडाची. मग लाकडानं आवाजात काय फरक पडतो?”

ह्या प्रश्नावर बेसवाल्यांमध्ये अनेक मैत्र्या कायमच्या तुटल्या आहेत. मला आमचा संसार टिकवायचा होता. मी म्हटलं, दिसतं छान.

प्रीअँपचंही तसंच. त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. जुन्या मताची माणसं म्हणतात, बॅटरी आली की वाद्याचा आत्मा गेला. नव्या मताची म्हणतात, बॅटरीशिवाय वरचा आवाज मलूल. मला एवढंच कळतं की बॅटरी मरायची वेळ आरतीची असते. तेव्हा बोटं फिरतात, आवाज येत नाही, आणि विशेष म्हणजे कुणाला काही कळतही नाही. आरती निर्विघ्न पार पडते.

पण फरक कळणारा एक माणूस होता. आई. तिनं लहानपणी मिरजेत गाणं शिकलेलं, तंबोरे जिथं घडतात त्या गल्लीतून शाळेत गेलेली. चार तारा बघून तिला काही कमी वाटलं नाही, तंबोऱ्यालाही चारच असतात. ती अँपसमोरच्या स्टुलावर बसायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. हा बोलतो. हा नुसता घुमतो. ह्याची खालची तार बेसूर नाही पण उदास आहे. दुकानातला मुलगा अर्थ विचारायचा, मी भाषांतर करायची, आणि तो दर वेळी मान हलवून म्हणायचा, “अगदी बरोबर.” सगळ्यात महाग होता त्याच्या एका सुरावर ती बराच वेळ थांबली.

“ह्याला आस आहे गं. किती वेळ टिकतोय बघ सूर!”

माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, “बघ ना! त्याचेच तर पैसे आहेत.”

“पण तुला आस लागतेच कुठं?” डोळे न उघडताच ती म्हणाली. “तू तर प्रत्येक सूर वाजवलास की लगेच तळहातानं दाबून टाकतेस.”

ह्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. लावणीचा बेस तुटकच हवा. आणि लावणीचाच कशाला? मोटाऊन ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या शेकडो गाण्यांचा पाया ज्यानं एका बोटानं रचला त्या जेम्स जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन घ्या. जेमर्सन तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि त्याच्या बेसवर ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा होता. फेंडर तो कारखान्यातूनच बसवून द्यायचे, सूर लांबू नये म्हणून. म्हणजे एकीकडे कारागीर आस वाढावी म्हणून लाकडं निवडत, नेक बेसच्या धडातून आरपार नेत, पितळेचे ब्रिज कातत आयुष्य घालवतात, आणि दुसरीकडे वाजवणारा खालून स्पंज कोंबून ती आस मारतो. दोन्हींचे पैसे मीच द्यायचे.

शेवटी मी ठरवलं. कुणाकडे ते सांगत नाही, कारण आगाऊ रक्कम भरलेली आहे आणि ती परत मिळत नाही. जे-बेस, चार तारा, शिसवी, आठ पौंडांच्या आसपास. नवऱ्यानं पेढे आणले. मग कारागिराकडून फॉर्म आला.

मागचा पिकअप साठच्या दशकातल्या जागी हवा की सत्तरच्या? दोन्हींत फरक सेंटीमीटरभर. नेकच्या वरच्या टोकाच्या नटची रुंदी किती? तारांमधलं अंतर? फ्रेट बारीक, मध्यम की जाड? नेकची पाठ चकचकीत की मॅट? रंगांचं पान वेगळं होतं, त्यात नुसते पांढरे आठ प्रकारचे. प्रत्येक प्रश्नाखाली, सवडीनं विचार करा, घाई नाही, असं प्रेमानं लिहिलेलं. नवरा शेजारी बसून दर उत्तराला “स्वस्त कुठलं?” एवढंच विचारत होता.

सगळ्यात तळाला एक चौकोन होता. फोम म्यूट हवा असल्यास इथं खूण करा, त्याचे पैसे वेगळे.

“म्हणजे स्पंजच ना?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. “त्याला कसले पैसे देतेस? सिंकखाली भांड्यांच्या स्पंजचं अख्खं पाकीट पडलंय. तुझ्या जुन्यावर लावून तर बघू.” आणि ती नवा स्पंज नि कात्री घेऊन आलीसुद्धा. बेस मांडीवर आडवा घेऊन तिनं तारांखालची फट बोटानं मोजली, स्पंजची नीट पट्टी कापली आणि आत सरकवता सरकवता थांबली.

“हिरवी बाजू तारांकडे, की पिवळी?”