फायबरला गंज लागत नाही हो!

ज्यांना जुनी ब्रिटिश किट कार (सुट्या भागांत येणारी, घरी जोडायची) घ्यायचीये, फायबरग्लासची, १९७०च्या आसपासची, बसकी, लांब नाकाची, त्यांना आज मी फुकट सल्ला देणार आहे. फुकट म्हणजे तुम्हाला. मला तो चार हजार दोनशे पौंडांना पडलाय, शिवाय तीन हिवाळे. आणि गेल्या शनिवारी एमओटीवाल्याने (एमओटी म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी) एक स्क्रूड्रायव्हर घातला तो वेगळाच, त्याचं पुढे येईल.

तर पहिलं म्हणजे गाडी कुठली घ्यावी. जिची कंपनी बंद पडलीये ती. बंद पडून पन्नास वर्षं झाली असतील तर सोन्याहून पिवळं, कारण मग पार्ट मिळत नाही म्हणून कुणाच्या दारात जाऊन भांडायची भानगडच उरत नाही. मी गिल्बर्न घेतली, इन्व्हेडर. वेल्समध्ये जाइल्स नावाचा एक खाटीक आणि बर्नार्ड नावाचा एक जर्मन इंजिनियर एकत्र आले, खाटकाच्या दुकानामागे पहिली गाडी बनवली आणि दोघांची नावं चिकटवून कंपनीचं नाव केलं. (जाइल्सच्या ‘ज’चा ‘ग’ कसा झाला ते वेल्श लोकांनाच विचारा, तिथे गावांची नावं वाचतानाच आपली दातखीळ बसते.) १९५९ला सुरुवात, १९७३-७४ला कारभार आटोपला, सगळी मॉडेलं मिळून गाड्या हजाराच्या आसपास. बॅजवर लाल ड्रॅगन. मी त्या ड्रॅगनवर भाळलो.

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचे तेव्हा दात बघायचे, खूर उचलून बघायचे, खांद्यावर हात फिरवायचे, दहा पावलं चालवून बघायचे आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव करायचे. त्यांचा नातू शिकून इंग्लंडला आला आणि त्याने बॅज बघून गाडी घेतली.

किट म्हणजे काय हे नव्या मंडळींना माहीत असावं म्हणून सांगतो. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. मग काय, गाडी सुट्या भागांत विकायची. लोटस या गाड्यांच्या कंपनीची गोष्ट तर अजून चवीने सांगतात, की गाडीबरोबर जोडणीची माहिती दिली तर टॅक्स लागायचा म्हणून त्यांनी गाडी खोलायची कशी ते छापून दिलं, गिऱ्हाइकाने ते उलटं वाचायचं. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं, टॅक्स वाचवायला एवढं डोकं आपलेच लोक चालवतात असा माझा समज होता. पुढे १९७३च्या १ एप्रिलला, हो एप्रिल फूललाच, व्हॅट आला, तो सुट्या भागांवरही, आणि मजा संपली. बऱ्याच छोट्या कंपन्या त्यानंतर गेल्या.

गिल्बर्न यायची ती बॉडी रंगवून, सीट-बिट बसवून, वायरिंग करून. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सायलेन्सर गिऱ्हाइकाने घरी बसवायचं. घरी म्हणजे कुठल्याशा काकांनी, रविवारी, दारातल्या उतारावर, एकीकडे रेडिओ ऐकत. त्यामुळे तुमची गाडी इंजिनियरने जोडलीये की पोस्टमनने हे देवालाच ठाऊक आणि देव सांगत नाही.

आता जाहिरात वाचायला शिका. ‘९०% काम झालंय’ म्हणजे सोपं तेवढं झालंय. ‘पार्क केली तेव्हा चालू होती’ असं लिहिलं असेल तर पार्क कधी केली हे विचारू नका, माझी १९९१ला केली होती. ‘वेळ नाही म्हणून नाइलाजाने विकतोय’ वाचलं की डोळ्यांत पाणी आणा आणि लगेच ॲडव्हान्स पाठवा.

गाडी पावसात बघायला जा. ओली गाडी चकचकीत दिसते.

अंधार पडल्यावर गेलात तर आणखी उत्तम.

लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या कागदावरचा, चॅसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का असलं काही विचारून समोरच्याचा अपमान करू नका, त्याने चहा दिलाय तुम्हाला.

गाडीबरोबर खोके मिळतात. जितके जास्त खोके तितकी चांगली गाडी असं समजायचं. मला सात मिळाले. एकात दरवाजाची दोन बिजागरं, दोन्ही डावी. एकात वायपरची मोटर, ती या गाडीचीच नाही. एकात नुसते नटबोल्ट, सगळे एकत्र, गणपतीच्या खिरापतीसारखे कालवलेले. आणि सातव्यात उंदराचं घरटं, तेही गाडीच्याच सीटमधल्या कापसाचं. उंदराने तरी सामान जागच्या जागी वापरलं.

बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतील, त्यांच्यावर पुट्टी ओढा, पॉलिशपेपर मारा, रंग मारा, झालं. आतून मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) लावून, भेग खरवडून नीट भरायची असते वगैरे सांगणारे लोक असतात, त्यांना रिकामा वेळ असतो. भेगा सहा महिन्यांत परत वर येतात, तोवर गाडी विकलेली असावी. जुना रंग काढायला पेंट स्ट्रिपर खुशाल ओता. रंगाबरोबर खालचा जेलकोटही, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, सुटून येतो, एका कामात दोन कामं.

मॅट भिजवायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर अंदाजे घाला. डब्यावर एक-दोन टक्के असं लिहिलेलं असतं पण आपण काय वरणात मीठ मोजून घालतो का? मी जुलैमध्ये अंदाजाने घातलं, दोन मिनिटांत मगातून धूर यायला लागला, मगच वितळला आणि आतलं रेझिन दगड झालं. अजून आहे, दाराला अडण म्हणून वापरतो. हो आणि फायबर घासलेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाका. आठवडाभर घरातलं कुणी तुमच्याशी बोलत नाही, शांतपणे काम होतं.

वायरिंगचं एक सांगून टाकतो. साध्या लोखंडी गाडीत अर्थ (करंटची परत जायची वाट) सगळीकडे असते, बॉडीच अर्थ असते. फायबरमधून करंट जात नाही, म्हणजे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला स्वतःची अर्थ वायर ओढावी लागते. आधीच्या मालकांना हे पटलेलं नसतं. मग करंट बिचारा घरी जायचा रस्ता शोधत दुसऱ्याच दिव्यातून जातो. माझ्या गाडीत डावीकडचा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवे त्याच्या तालावर नाचायचे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर गप्प व्हायचा. गणपतीला घरी आलेल्या मंडळींना फार आवडलं, एकाने व्हिडिओ काढला, दुसऱ्याने मायलेज विचारलं.

इंजिन फोर्डचं, ३ लिटरचं एसेक्स व्ही६. कॅमशाफ्टचं गिअर फायबरचं असतं आणि म्हातारपणी त्याचे दात पडतात. ऑइल पंप फिरवणारी एक छोटी षटकोनी दांडी असते, ती झिजून गोल झाली की पंप फिरायचा थांबतो. दोन्ही पार्ट आजही मिळतात, किंमत किरकोळ. म्हणून बदलू नका, नाहीतर लोक तुम्हाला घाबरट म्हणतील.

आणि आता मुख्य टीप. फायबरला गंज लागत नाही.

हे वाक्य पाठ करा, कारण विकणारा प्रत्येक जण ते म्हणतो, मलाही म्हणाला, फोनवर एकदा आणि दारात दोनदा. शंभर टक्के खरं आहे. बॉडीला गंज लागत नाही. पण बॉडी ज्याच्यावर बसलीये ती काय हवेवर तरंगते का? खाली लोखंडी पाइपांची चॅसिस असते आणि गिल्बर्नमध्ये बॉडी त्या पाइपांना फायबरनेच चिकटवलेली असते. बोल्ट काढला नि बॉडी उचलली असा प्रकार नाही. फायबर आणि लोखंड यांच्या फटीत पाणी शिरतं, इथे थंडीत बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ शिरतं, आणि पन्नास वर्षं ते तिथे निवांत बसून खातं. बाहेरून गाडी नवरीसारखी. यात कंपनीचाही दोष नाही, त्या खाटकाने आणि जर्मनाने काही अमरपट्टा दिला नव्हता. लोखंड आहे, गंजणारच. गंज लागला म्हणून माझी तक्रार नाहीचे.

इथे ४० वर्षांहून जुनी, फार फेरफार न केलेली गाडी असली तर २०१८पासून एमओटी करावी लागत नाही. म्हणून तुम्हीही करू नका. मी केली, कारण मला खाज. पोरगी चौदा वर्षांची झालीये, उन्हाळ्यात माझ्याबरोबर गाडीत बसते, म्हटलं एकदा कुणीतरी खालून बघू दे. एमओटीवाला म्हातारा. गाडी वर चढवली, चहाचा कप बाकावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइप वाजवत निघाला. टण. टण. टण. टण. थप.

थांबला. परत वाजवलं. थप.

माझ्याकडे बघितलं नाही त्याने. स्क्रूड्रायव्हर उलटा केला आणि टोचला, तर काळ्या अंडरसीलची (गाडीच्या पोटाला फासतात त्या थराची) खपली निघाली, खाली पिवळट फायबर मॅट, आणि मॅटच्या खाली काहीच नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. आणि ही जागा कुठली, तर डावीकडच्या सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो ती. इथे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे डावीकडे पोरगी. दोन उन्हाळे ती त्या पट्ट्यात बसलीये आणि तो पट्टा रेझिनमध्ये भिजवलेल्या चिंधीला बांधलेला होता!

आता बघा, भोक पडणं वेगळं आणि हे वेगळं. कुणीतरी माणूस त्या गाडीखाली उताणा झोपला. त्याने ते भोक बघितलं, बोट घातलं असणार, मलाही घालावंसं वाटलं. मग उठला, कात्री आणली, मॅटचा तुकडा कापला. मी तो तुकडा काढलाय, माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याचे कोपरे गोल केलेत. कोपरे गोल केलेत हो! चौकोनी कोपरा सुटून वर येतो म्हणून निगुतीने गोल कापलेत, म्हणजे काम येत होतं त्याला, अडाणी नव्हता. मग रेझिन मारलं, सुकू दिलं, घासून सपाट केलं, वर अंडरसील फासलं, आणि त्या सगळ्या वेळात, एक रात्र तरी गेली असेल, त्याच्या मनात एकदाही आलं नाही की या पट्ट्याला कुणीतरी लटकणार आहे? एवढ्या वेळात वेल्डरला फोन झाला असता. नसते परवडत पैसे तर भोक उघडं ठेवायचं होतं, मी बघितलं असतं, पाचशे कमी दिले असते, किंवा घेतलीच नसती.

रिपोर्टवर ‘डेंजरस’ आलं. ती गाडी मग चालवत नेता येत नाही, ट्रकवर घालून आणली. शेजारी गच्चीतून बघत होते.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही बघून घेतलीत ना? आणि ते माझ्या आधीच्याने केलं असणार. आधीचा म्हणेल त्याच्या आधीच्याने. १९७१पासून सात मालक, सातही साळसूद, पॅच बहुतेक त्या उंदराने मारला.

तरीही मी हे विनोदी लिहिणार होतो, खरंच. वर बऱ्यापैकी जमलंही होतं. पण काल आपलाच एक मित्र घरी आला, मराठी, इथे बारा वर्षं झाली त्याला, सगळं ऐकून घेतलं, वडा खाल्ला आणि म्हणतो, अरे मॅट मार परत नि विकून टाक, कोण खाली बघतंय, तुला पण तशीच मिळाली ना?

नाही मारणार. आणि तूही असलं बोलत जाऊ नकोस, आणि हे वाचून जे मनातल्या मनात ‘प्रॅक्टिकल आहे तो’ म्हणतायत त्यांनाही सांगतो, प्रॅक्टिकल नाही, चोर आहे. मला फसवलं म्हणून मी पुढच्याला फसवायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि ज्याच्या हातात गाडी असताना एखादा ट्रक आडवा येईल त्याचं पोरगं जाईल, बाकी सगळे हात झटकून मोकळे. सीटबेल्टच्या जागेवर फायबर मारायचं नाही. ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांच्या जागेवर मारायचं नाही. सगळं सोडून लोखंड कापायचं, नवं लोखंड जोडायचं, किंवा गाडी तशीच, भोकासकट, भोकाच्या किमतीला विकायची. आणि घेणाऱ्यांनो, तुम्ही पण ड्रॅगन बघून विरघळू नका, झोपा गाडीखाली, कपडे धुता येतात, पाइप वाजवून बघा, वाजवू देत नसेल तर चहा अर्धा टाकून उठा. पैसे कमी येतील विकणाऱ्याला? येऊ देत. जाहिरातीत फोटो टाका रे त्या भोकाचा, जवळून, उजेडात.

माझ्या भोकाचा मी काढलाय. आकार कळावा म्हणून कडेला एक पौंडाचं नाणं टेकवलं होतं. ते आत पडलं, पाइपमध्ये खडखडत मागच्या चाकाकडे गेलं आणि अजून सापडलेलं नाही.