करणीबिरणी काही नाही, पत्र्याचं मशीन होतं

लगीनसराई संपली की आमच्या बँडच्या ग्रुपवर कामाचे मेसेज थांबतात आणि फॉरवर्ड सुरू होतात. (लग्नाचा बँड, मी कॅसिओवर असतो.) ऑझी ऑस्बॉर्न गेल्यापासून त्यातला एक फिरतोच आहे. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडचा ब्लॅक सबाथ हा बँड सैतानाच्या पूजेतून उभा राहिला, त्यापायी गिटारवाल्याची बोटं गेली, गायक ऑझी सोडून गेला तसा बँड बुडाला, म्हातारपणी पैशासाठी एका रात्रीपुरते चौघं एकत्र आले आणि सतरा दिवसांत ऑझी वारला. शेवटी 'करणी उलटली' आणि हात जोडल्याचे इमोजी. आमच्या ढोलवाल्याने तो तिसऱ्यांदा टाकला, तेव्हा हे लिहायला बसलो.

आधी बोटं. बँड जमला 1968 मध्ये. टोनी आयोमीची बोटं गेली 1965 मध्ये, तो सतरा वर्षांचा असताना. म्हणजे पूजा व्हायच्या तीन वर्षं आधीच फळ मिळालं! बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याचा तो शेवटचा दिवस होता. मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे उभं केलं. दुपारी जेवायला घरी गेला तो परत जायलाच तयार नव्हता. आईने पाठवलं, काम पुरं करून ये म्हणून. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. जळगाव एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत एक जण चहाचा ग्लास तीन बोटांत धरतो, बाकी दोन बोटांची पेरं नाहीत. त्याला कुणी करणी म्हणत नाही, भरपाईचं काय झालं एवढंच विचारतात.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. आयोमी हिरमुसून बसला होता, तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा डावा हात आगीत भाजला होता. दोन बोटांवर तो सगळी सुरावट वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, आपल्या शिंप्याचं अंगुस्तान असतं तशी, आणि वर कातडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. (आपला बटणांचा बँजो नव्हे, त्यांचं वाद्य वेगळं.) 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटार पांढरी तीनवरून थेट काळी एकवर, म्हणजे तीन पट्ट्या खाली उतरवली. भाच्याच्या गिटारवर मी हे करून पाहिलं. तार सैल पडते, बोटाला हलकी लागते, पण जोरात छेडली की पट्टीवर आपटून खरखरते, आणि अँप लावला की खोलीतली स्टीलची भांडी बोलायला लागतात. ज्याला लोक सैतानाचा आवाज म्हणतात त्यातला बराचसा हाच, दुखऱ्या बोटांची सोय.

सैतानाचं नाव कुठून आलं? 'ब्लॅक सबाथ' नावाच्या सिनेमावरून. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावरचा उलटा क्रॉस रेकॉर्ड कंपनीने परस्पर छापला होता. हे चौघं गळ्यात सरळ क्रॉस घालायचे. गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला, 1971 च्या त्याच अल्बममध्ये त्याचं देवाच्या बाजूने एक अख्खं गाणं आहे. जागरणात मणि-मल्लाची कथा सांगतो म्हणून वाघ्याला कुणी राक्षसाचा भक्त म्हणत नाही.

आता 'ऑझी सोडून गेला'. सोडून गेला नाही, 1979 मध्ये त्याला काढला. दारू-ड्रग्ज चौघांच्याही होते, ऑझीचे हाताबाहेर गेले होते. निरोप सांगायचं काम ड्रमर बिल वॉर्डवर आलं, त्याचा जवळचा दोस्त. आमच्याकडे भर सीझनमध्ये गायक आणि मास्तर वेगळे झाले, तेव्हाही निरोप ढोलवाल्यानेच नेला होता. सुपाऱ्या निम्म्या-निम्म्या झाल्या आणि दोन्ही गाड्यांवर 'ओरिजिनल' लिहिलं गेलं. सबाथचंही तसंच. 1980 मध्ये रॉनी जेम्स डिओ या नव्या गायकाला घेऊन काढलेला त्यांचा अल्बम आजही त्यांच्या उत्तम कामात मोजतात आणि त्याच वर्षी ऑझीचा स्वतःचा अल्बमही चालला. बुडालं कोण? हां, नंतर घसरण झाली, ते मान्य. गायक बदलत राहिले, जुन्यांपैकी एकटा आयोमी उरला. 1983 च्या दौऱ्यात फुटांच्या जागी मीटर धरून केलेला दगडी देखावा हॉलमध्ये मावेना, असा किस्सा ते स्वतःच सांगतात.

'एका रात्रीपुरते एकत्र' हे तर साफ खोटं. 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात चौघं वाजले, 1992 मध्ये थोडा वेळ, आणि 1997 पासून रीतसर. 2000 मध्ये ग्रॅमी मिळालं. 2013 चा अल्बम इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेला, 1970 नंतर पहिल्यांदा. 4 फेब्रुवारी 2017 ला बर्मिंगहॅममध्येच शेवटच्या दौऱ्याची सांगता झाली. पैशाचा वाद झाला, नाही असं नाही. पण त्या वादाने कुणाला परत आणलं नाही, उलट वॉर्डला बाहेर ठेवलं: करार पटला नाही म्हणून तो 2013 च्या अल्बममध्येही नाही आणि 2017 च्या स्टेजवरही नाही. 5 जुलै 2025 च्या, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियममधल्या त्या एका रात्रीच्या कार्यक्रमात मात्र तो ड्रमवर होता, आणि तो कार्यक्रम लहान मुलांचं हॉस्पिटल, बऱ्या न होणाऱ्या लहान मुलांची काळजी घेणारं हॉस्पिस आणि पार्किन्सन या कंपवाताच्या आजारावर काम करणारी संस्था यांच्या मदतीसाठी होता.

राहिले सतरा दिवस. ऑझीने पार्किन्सन झाल्याचं 2020 मध्येच जाहीर केलं होतं. त्या रात्री उभं राहवत नव्हतं म्हणून खुर्चीत बसून गायला. 22 जुलैला गेला, वय 76.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ढोलवाल्याचा मेसेज आला: "आईने जेवून झाल्यावर परत पाठवलं नसतं तर, भो?"