‘लेबल लावून काय होणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आधी थँक्स, हल्ली एवढं खडसावून कोण लिहितं! एआय पुस्तकं लिहायला लागलंय म्हणून पुस्तकावर ‘माणसाने लिहिलेलं’ असा शिक्का हवा, असं मी म्हटलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की असा शिक्का मारणं ही नुसती चमकोगिरी, तपासणार कोण, आणि देवगड हापूस छापलेल्या पेटीत कर्नाटकी आंबा भरतात तिथे लेबलाला कोण विचारतो. पेटीचं अगदी खरंय. पण म्हणून बागायतदारांनी नाव सोडून दिलं का? २०१८ला हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळवलं, आता तर फळावर कोडवाले स्टिकर आलेत.

तपासणीबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूचा. मजकूर बघून मशीनचा की माणसाचा हे खात्रीने सांगणारं यंत्र नाहीच. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतः असं टूल २०२३च्या जानेवारीत काढलं आणि जुलैत गुंडाळलं, अचूकता कमी म्हणून. मग उरतं काय, तर लेखकाचा शब्द, आणि तो सहीनिशी घ्यायचा. अमेरिकेच्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने २०२५च्या जानेवारीत ‘ह्यूमन ऑथर्ड’ शिक्का सुरू केला तो असाच चालतो, लेखक पुस्तक नोंदवतो, करारावर सही करतो आणि ती नोंद कोणालाही बघता येते. शुद्धलेखन-व्याकरण तपासायला एआय वापरलं तर चालतं, त्यामुळे तुमचा ‘गूगलने वेलांटी सुधारली तर?’ हा प्रश्न तिथे मिटलाय. खोटं बोलणारा बोलेलच हो, पण मग ते त्याच्या नावावर राहील.

अमेझॉनचा प्रकार बघा. केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतःच पुस्तक प्रकाशित करायच्या त्यांच्या सेवेवर, सप्टेंबर २०२३पासून एआयने मजकूर बनवला असेल तर कंपनीला सांगावं लागतं, पण वाचकाला त्यातलं काही दिसत नाही. त्याच महिन्यात एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकायची मर्यादा घातली. दिवसाला तीन! आमचा दिवाळी अंकाचा एक लेख गणपतीपासून रखडतो.

आणि ‘पुस्तक चांगलं असेल तर कोणी लिहिलं याने काय फरक पडतो’ हे कथा-कवितेपुरतं वादासाठी मान्य करू. पण शेवळासारख्या रानभाजीचं काय? पावसाच्या तोंडावर इकडे अलिबाग-पेणच्या बाजारात बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, देतात. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं घालायची, नाहीतर घसा असा खाजतो की जेवण बाजूला राहतं. आता ज्याला घसाच नाही त्याने रानभाज्यांचं पुस्तक लिहिलं आणि काकडं विसरला तर जाब कोणाला विचारायचा? शेवळाने निदान जीव तरी जात नाही. २०२३ला अमेझॉनवर रानातली अळंबी ओळखायची एआयने लिहिलेली वाटणारी पुस्तकं निघाली तेव्हा न्यूयॉर्कच्या मायकोलॉजिकल सोसायटीला, म्हणजे अळंबीच्या अभ्यासकांच्या संस्थेला, लोकांना सावध करावं लागलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, त्याच पानावर एक ओळ छापायला वेगळे पैसे पडत नाहीत. मजकूर कोणी लिहिला, एआय कुठे वापरलं, खाली लेखकाचं नाव, बस्स. अनुवाद मशीनने केला असेल तर अनुवादकाच्या नावाच्या जागी तसंच छापा की, मी विकत घेईन कदाचित, पण किंमत बघून.