‘मास्क असतो ना, मग कसला कॅन्सर?’

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आग विझवणाऱ्या जवानांना कामामुळे कॅन्सर होतो ही निव्वळ हूल आहे. मास्क असला की धूर आत जातच नाही. ज्यांना होतो, त्यांना सिगारेटमुळे होतो. अभ्यासात वाढ दिसली तीही जेमतेम ९ टक्के. आणि ज्या ‘गट १’चा एवढा बाऊ करतात, त्यात सॉसेज आणि सलामीसुद्धा आहेत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यातली माहिती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम गट १ मध्ये, म्हणजे ‘माणसात कॅन्सर घडवणारं’ म्हणून नोंदवलं. प्रक्रिया केलेलं मांस २०१५ पासून त्याच गटात आहे. हे गट पुरावा किती पक्का आहे तेवढंच सांगतात, धोका केवढा ते सांगत नाहीत. मग सलामीचं नाव घेऊन सिद्ध काय झालं? जवानांबाबतचा पुरावा पक्का आहे, एवढंच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. हेच काम २००७ साली दोन पायऱ्या खाली, ‘शक्यता आहे’ अशा गटात होतं. मधल्या १५ वर्षांत अभ्यास साचत गेले आणि मूत्राशयाचा कॅन्सर व मेसोथेलिओमा (बहुधा फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाला होणारा कॅन्सर) या दोघांबाबत शंकेला जागा उरली नाही. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण, मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) यांचे पुरावे अजून मर्यादित आहेत. ‘सगळेच कॅन्सर आगीमुळे’ असं कुणी म्हणत असेल तर तोही चुकतोच.

आता सिगारेट. मूत्राशयाचा कॅन्सर धूम्रपानाने होतो, मान्य. पण मेसोथेलिओमा सिगारेटने होत नाही. तो होतो मुख्यतः ॲस्बेस्टॉस या खनिजाच्या बारीक तंतूंनी. जुन्या इमारतींचे पत्रे, पाइपांची वेष्टनं, छताचे तक्ते जळून कोसळतात तेव्हा हे तंतू हवेत सुटतात. शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या सुमारे ३०,००० जवानांच्या १९५० ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेसोथेलिओमा सर्वसाधारण लोकांच्या दुप्पट निघाला.

ते ९ टक्केही याच अभ्यासातले. मजकूर लिहिणाऱ्याने पुढचा आकडा मात्र सोयीस्कर गाळला : कॅन्सरने होणारे मृत्यू १४ टक्क्यांनी जास्त होते. शिवाय तुलना कुणाशी? सगळ्या जनतेशी, ज्यात आजारी, अशक्त, अंथरुणाला खिळलेले सगळे आले. जवान निवडलाच जातो धडधाकट म्हणून. अशा माणसांचं आजारपण सरासरीहून कमी भरायला हवं. इथे ते जास्त भरलं. जवानांची आपसात तुलना केली, तेव्हा ज्यांचे आगीवर जास्त तास गेले त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त आढळला.

राहिला मास्क. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत असताना फुफ्फुसं बऱ्यापैकी वाचतात, यात वाद नाही. पण ज्वाळा बसल्या की काम संपत नाही. कूलिंग सुरू होतं : ढिगारा उपसायचा, धुमसते कोपरे शोधायचे, तासन् तास. सिलिंडर जड, अंगात त्राण नाही, समोर धूर दिसत नाही. मग मास्क निघतो. न दिसणारे वायू आणि बारीक कण तिथेच असतात.

आणि कातडीचं काय? जवान हूड, म्हणजे डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, काढतो तेव्हा गळ्याभोवती, जबड्याखाली काजळीचा पट्टा दिसतो. काजळीतली रसायनं कातडीतून शिरतात, घामाने भिजलेल्या गरम कातडीतून तर जास्तच. पूर्ण साधनं आणि मास्क घालून सरावाच्या आगीत गेलेल्या जवानांच्याही लघवीत या रसायनांच्या खुणा नंतर वाढलेल्या सापडल्या आहेत. काजळी आणि कातडी यांचं नातं तसं जुनंच. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कॅन्सरचं मूळ काजळीत असल्याचं लिहिलं ते १७७५ साली. फॉरवर्ड लिहिणारा अडीचशे वर्षं मागे आहे.

‘असेलही, पण त्याला इलाज काय?’ असं मजकुराखाली कुणीतरी विचारलं होतं. इलाज अगदी साधा आहे, आणि त्याला नाक मुरडलं जातं ते वेगळ्याच कारणाने : काळवंडलेला कोट अजून मर्दुमकीची खूण समजला जातो. जागेवरच साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन कोट धुतला, तर त्यावरची काजळीतली घातक रसायनं सुमारे ८५ टक्क्यांनी उतरतात, असं मोजून पाहिलेलं आहे. कोरडा ब्रश मारला तर सुमारे २३ टक्केच. ओल्या पुसणीने मान पुसली की तिथली निम्म्याहून अधिक रसायनं जातात. मात्र हे सगळं गाडीत बसायच्या आधी करायचं, आणि तो कोट सीटवर ठेवायचा नाही.