कागद काय बघता, माणूस बघा

सांगलीत नवा फ्लॅट घ्यायचं ठरवलंय ना? अभिनंदन. आता एक करा, वकिलाकडं अजिबात जाऊ नका. पुण्या-मुंबईची माणसं जातात, कारण तिथं बिल्डर कोण, कुठला, कुणाला ठाऊक नसतं. आपल्याकडं तसं आहे का? तो तुमच्या साडूच्या वर्गात होता, त्याच्या वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती, त्याच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही दोनदा जिलेबी मागून घेतलीय. अशा माणसाकडं जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागायचा? उद्या पुढच्या लग्नात कुठल्या पंक्तीला बसणार?

साइट बघायला मे महिन्यात जा. ऊन असतं, जमीन खडखडीत कोरडी असते, मन प्रसन्न राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर नको ते दिसतं. स्कीमच्या नावात ‘रिव्हर’ असेल तर फारच उत्तम, कारण आपली कृष्णा माणसांची ओढ असलेली नदी आहे. २००५ला घरी आली, २०१९ला आली, २०२१लाही आली. २०१९ला तर आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथं धोक्याची पातळी आहे ४५. तरी विचारायचंच असेल तर साइटवरच्या सुपरवायझरला विचारा, “इथं पाणी येतं का हो?” तो सांगेल, “रस्त्यापर्यंत आलं होतं, आत नाही.” कुठला रस्ता, हे विचारू नये. “शिवाय आपण प्लिंथ उचललीय. आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं आता सरकार बघतंयच की.” झालं समाधान? पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, आपला प्लॉट कुठं पडतो ते त्यात दिसतं. दिसतं म्हणून बघितलंच पाहिजे असं थोडंच आहे! शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पिवळसर पट्टा दिसला, तर मालकाची रंगाची आवड समजून पुढं चला.

रेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागाल तर बिल्डर हसेल. “काका, आपले आठच फ्लॅट. आपल्याला रेरा लागत नाही.” हे तो खरं बोलतो. जागा पाचशे चौरस मीटरच्या आत किंवा घरं आठपर्यंत असली, तर नोंदणीतून सूट आहे. मग त्याच कंपाउंडात, त्याच गेटातून आत, त्याच बोअरवर चालणारी आठ-आठ फ्लॅटच्या आणखी दोन बिल्डिंगा का उभ्या राहतायत आणि नावापुढं ए, बी, सी का लावलंय, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, विचारू नका. सगळे टप्पे मिळून मोजायचे असं कायद्यातच लिहिलंय, पण बेरीज करायला कुणाला वेळ आहे? आणि नोंदणी झाली की लोकांनी भरलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, त्याच बांधकामासाठी ठेवावे लागतात. मग कुपवाडच्या नव्या प्लॉटचा विसार तुमचा बिल्डर कशातून देणार? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

मापाचं मात्र काटेकोर बघा. म्हणजे वास्तुतज्ज्ञ न्या, होकायंत्र न्या, गॅसचा ओटा आग्नेयेला येतो का, देवघर ईशान्येला बसतं का, यावर तासभर घालवा. टेप तेवढी घरी ठेवा. ‘हजार स्क्वेअर फुटांच्या’ टू बीएचकेचा कार्पेट, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, मोजायला गेलात, तर जिना, लिफ्ट आणि गच्चीचा वाटा वजा होतो आणि बेडरूममध्ये कपाट ठेवायचं की पलंग, हा घरगुती वाद साइटवरच सुरू होतो.

पैशाचं बोलणं ऑफिसात होत नाही, चहाच्या गाड्यावर होतं. व्यवहार चाळीसचा असेल तर कागदावर अठ्ठावीस, उरलेले बारा रोख. पावती? तो डायरीत लिहितो ना, तुमच्यासमोर! करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, असा रेराचा नियम आहे, पण तो बँकेतून दिलेल्या पैशांना सापडतो, डायरीला नाही. पुढं बँक कर्ज मंजूर करेल ते अठ्ठावीसवर. भांडण झालंच तर तुम्ही दिलेत ते अठ्ठावीस. कधी विकायला काढलात तर खरेदीची किंमतही अठ्ठावीसच, म्हणजे न झालेल्या नफ्यावर कर भरायचं भाग्य. मुलगा हिंजवडीतून फोन करून “बाबा, असं करू नका” म्हणेल. त्याला सांगा, तुला व्यवहारातलं काही कळत नाही.

पझेशनची तारीख करारात घालायचा हट्ट धरू नका. तारीख लिहिली की ती चुकते, आणि चुकली की रेराच्या कलम १८ खाली व्याज मागायची दुर्बुद्धी सुचते. “दसऱ्याला देतो” एवढं पुरे. दसरा काय, दरवर्षी येतो. खालच्या पार्किंगचे दोन लाख वेगळे पडतील, तेही देऊन टाका. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१०लाच सांगितलंय खरं, पण कोर्ट दिल्लीत, आणि तुमची गाडी उन्हात.

भोगवटा प्रमाणपत्राचं, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याचं, कुणी काढलं तर घरपट्टीची पावती पुढं करा. महापालिका घर अनधिकृत असलं तरी कर घेते आणि घेतल्यानं ते अधिकृत होत नाही, पण पावतीवर शिक्का किती ठसठशीत असतो! काळ्या मातीत उभ्या बिल्डिंगला वर्षभरात भेगा पडल्या, तर “केसाएवढ्या आहेत, प्लास्टरच्या आहेत” हे तुम्हीच पाहुण्यांना सांगायला शिका. रचनेतला दोष पाच वर्षांपर्यंत बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी अधूनमधून बडबडतात. त्यांना सोसायटीच्या ग्रुपमधून काढा. सोसायटी अजून झालेली नाही, ग्रुप तेवढा झालाय.

वास्तुशांतीला मात्र सगळ्यांना बोलवा. जेवणं झाली की धाकटे मेहुणे हळूच बाजूला घेऊन विचारतील, “दाजी, आम्हीपण बघतोय. माणूस कसा आहे?” भेगेवर गणपतीचं कॅलेंडर नीट बसलंय का, तेवढं एकदा बघून घ्या आणि सांगा, “एकदम घरचा. माझं नाव सांगा. तळमजल्यावरचा अजून शिल्लक आहे.”