निघून जाता येणारी माणसं

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. लहानपणी ऑक्टोबर छाटणी जवळ आली की सुरगाण्याकडून मजुरांची टोळी यायची. छाटणी, पेस्ट लावणं, फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, घडांची विरळणी, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांच्याशी बोलताना माझ्या वडिलांचा, आण्णांचा, आवाज कधी चढला नाही. "चहा झाला का? लेकराचा ताप उतरला का?" कुणी काडी चुकीची कापली तरी "असू द्या, पुढची बघून घ्या" एवढंच.

तेच आण्णा घरात शिरले की आम्ही तिघं भावंडं भिंतीला चिकटायचो. ताटात भाजी राहिली की धपाटा. माझी चित्रांची वही सातवीत चुलीत गेली. आण्णा वाईट नव्हते. आमच्यासाठी त्यांनी किती झिजून काढलं ते मी पाहिलंय.

एकाच माणसाला हे दोन आवाज कसे, हे मला फार उशिरा उमगलं. टोळीला उद्या दुसऱ्याच्या बागेत जाता येत होतं. आम्हाला कुठे जाता येणार होतं? शेजारच्या एका बागेत पावसाळ्यातच उचल देऊन माणसं बांधून घेतलेली असायची. तिथे मजुरांशी बोलायची तऱ्हा आमच्या घरातल्यासारखीच होती. बांधावरून ऐकलंय मी.

तेव्हापासून कुठलंही नातं बघताना माझ्या मनात हाच प्रश्न येतो: यातून कुणाला उठून जाता येतं आणि कुणाला नाही? 2013 साली आपल्या नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव बापानेच घेतला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या मर्जीने वेगळी वाट धरणाऱ्याला जगू द्या, एवढ्यासाठी कायदा करावा लागला! जी माणसं धाकाने एकत्र ठेवलीत, त्यांना समाज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुलांसाठी कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येऊन थांबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली. घरात मारायला तशी सरळ बंदी आपल्याकडे नाही. स्वीडनने ती 1979 मध्येच घातली.

मीही धाकानेच चालले होते. मुलाला दुसरीत तबल्याला घातलं. रियाज नाही तर मोबाइल नाही. तो घड्याळाकडे बघत वाजवायचा आणि मी ओट्याशी उभी राहून समाधान मानायची. मागच्या वर्षी एकदा त्याने विचारलं, "आई, मी नाही म्हटलं तर तू बोलशील ना माझ्याशी?" दहा वर्षांचं पोर. मला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री मी तबल्यावर खोळ चढवली. ती अजून निघालेली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही. पण दोन महिन्यांनी तो आपणहून येऊन सांगून गेला की शाळेच्या व्हॅनमध्ये एक मोठा मुलगा त्याला रोज चिमटे काढतो. वर्षभर चाललं होतं. त्यातले कितीतरी महिने तो माझ्यासमोर बसून तीनतालाच्या मात्रा मोजत होता आणि हे गिळत होता.

लगेच कुणी म्हणेल, मग पोरांना मोकाटच सोडायचं का? द्वारका चौक ओलांडताना मी त्याचा हात विचारून धरत नाही. लसही विचारून टोचली नाही. तिथे प्रश्न त्याच्या जिवाचा असतो. पाहुण्यांसमोर वाकून नमस्कार कर, मामीला पापा दे, पहिला ये, हे मी माझ्या मिरवण्यासाठी मागत होते. दोन्हीतला फरक मला प्रत्येक वेळी नीट कळतो असं नाही. आवाज चढायच्या आधी क्षणभर थांबून बघते. कधी जमतं, कधी चढून जातो.

परवा आण्णांना फोन केला. चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत. नातू या रविवारी यायला नाही म्हणतोय, हे सांगताना मी बिचकतच होते. ते थोडं थांबले. मग म्हणाले, "बरं. छाटणीला येतो का विचार त्याला. जमलं तर या म्हणावं."

टोळीच्या मुकादमाशी बोलायचे ना, अगदी त्या आवाजात.