फादर नव्हे, ब्रदर. आणि खिळे नव्हतेच.

आज ६ फेब्रुवारी. सकाळपासून एकच मेसेज तीन ग्रुपवर येऊन पडलाय. "संत फादर गोन्सालो गार्सिया. हातापायांत खिळे ठोकले तरी हसत होते. ११ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल." खाली आमेन, आमेन, हात जोडलेले, मेणबत्त्या. एकालाही वाटलं नाही की बाबा, आपल्या वसईचा माणूस आहे, निदान फादर होता की नव्हता एवढं तरी बघावं.

नव्हता. ब्रदर होता, म्हणजे पुरोहिताची दीक्षा न घेतलेला संघातला माणूस, शेवटपर्यंत. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ ला मारलेल्या २६ ख्रिस्ती लोकांत दीक्षा झालेले फादर फक्त तीन. सहा फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे), तीन जपानी येशूसंघीय (जेझुइट), बाकीचे १७ जपानी प्रापंचिक. त्या १७ जणांचे धंदे बघा: धनुष्यं बनवणारा, तलवारींना धार लावणारा, स्वयंपाकी, वैद्य, सुतार. सुतार तर मूळ यादीत नव्हताच. क्योतोहून निघाले तेव्हा २४ होते. वाटेत कैद्यांना खाणंपिणं पुरवायला दोघे मागेमागे चालत राहिले, शिपाई वैतागले आणि त्यांनाही दोरीला बांधलं. असे २६. (आणि दिवस ५ चा असून स्मरण ६ ला का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ५ ला संत अगाथाचा सण असतो, म्हणून.)

आता खिळे. जपानी क्रूसाला खिळे लागत नसत. खाली पायांसाठी दुसरी आडवी फळी, मध्ये टेकायला खुंटी, मनगटं, घोटे आणि मान लोखंडी कड्यांत, अंग दोरीने आवळलेलं. आडव्या क्रूसावर माणूस बांधायचा, मग क्रूस उचलून खड्ड्यात उभा करायचा. मरण यायचं ते भाल्याने. दोन्ही बाजूंनी एकेक भाला, बरगडीखालून घुसवून समोरच्या खांद्याकडे. त्याआधी महिनाभर भर थंडीत क्योतो ते नागासाकी वरात. निघताना डाव्या कानाची पाळी कापलेली. हुकूम खरा नाक आणि दोन्ही कान कापायचा होता, इशिदा मित्सुनारी नावाच्या अधिकाऱ्याने तो पाळीवर आणला. हे सगळं पुरेसं भयंकर नाही का, की वरून खिळे आणि हसणं चिकटवायला लागतं?

मला राग खिळ्यांचा नाही. राग याचा आहे की खिळ्यांच्या नादात आपण ते पत्र विसरतो.

तोमास कोझाकी. वय १४. बाप मिखाएल, इसेचा, तो धनुष्यवाला. दोघेही त्याच रांगेत. वाटेत मिहाराच्या किल्ल्यात रात्री ठेवलं होतं तेव्हा पोराने आईला पत्र लिहिलं. ते तिला पोचवायची सोय नव्हती, म्हणून बापाजवळ राहिलं. नंतर मिखाएलच्या प्रेतावर सापडलं, रक्ताने माखलेलं. त्यात काय आहे? दर्शन नाही, प्रकाश नाही, देवदूत नाही. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस. मरताना फादर मिळाला नाही तरी पापांचा मनापासून पश्चात्ताप कर, तेवढं पुरे. लोकांशी सबुरीने वाग. आणि धाकट्या दोघांना, मान्सिओ आणि फेलिपेला, परक्या धर्माच्या हातात पडू देऊ नकोस. बस. चौदा वर्षांचा मुलगा मरायला चाललाय आणि घरच्या कामांची यादी देतोय.

ख्रिस्तावर विश्वास का, असं कोणी विचारलं तर मी चमत्कार सांगत नाही, हे पत्र सांगतो.

तुम्ही म्हणाल, मरतात तर खोट्या गोष्टींसाठीही माणसं. मरतात. मान्य. मरणाने काही सिद्ध होत नाही, आणि ख्रिस्तसभाही नुसत्या मरणाला रक्तसाक्ष्य म्हणत नाही, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. तीन गोष्टी तपासतात: मरण खरंच घडलं का, मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं का, आणि मरणाऱ्याने ते स्वखुशीने स्वीकारलं का. तिसरी बाब सगळ्यात कडक. हातात शस्त्र असेल तर बात खतम. १६३७-३८ मध्ये शिमाबाराला हजारो ख्रिस्ती शेतकरी उठले, क्रूसाचे झेंडे घेऊन लढले आणि बायकापोरांसकट कापले गेले. त्यांना ख्रिस्तसभेने रक्तसाक्षी म्हटलेलं नाही, आजतागायत नाही. आपल्या बॅनरवाल्यांना विचारलं असतं तर चार दिवसांत संतपद देऊन मोकळे झाले असते. रोमने या २६ जणांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणायला ३० वर्षं घेतली, १६२७. संत म्हणायला १८६२ उजाडलं.

हो, आणि स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांच्या पोटात फक्त बायबल नव्हतं, हेही मान्य. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं त्याच्या मालावरून हिदेयोशीचं डोकं फिरलं, तेव्हा त्याची भीती सगळीच वेडगळ नव्हती. आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चालूच होतं. लिहिलं, आता पुढे.

हसत मेले, हसत मेले. सगळे हसत नाही मेले. क्रिस्तोवाँव फेरेरा जपानमधल्या येशूसंघाचा प्रमुख. १६३३ मध्ये त्याला खड्ड्यात उलटं टांगलं. अंग आवळून बांधायचं, डोकं खाली, कानामागे बारीक चीर द्यायची म्हणजे रक्त थेंबथेंब गळत राहतं आणि माणूस लवकर मरत नाही. एक हात मोकळा ठेवायचा, धर्म सोडल्याची खूण करायला. फेरेराने पाच तासांत हात हलवला. शेजारी टांगलेला नाकाउरा ज्युलियान, पोरवयात पोपला भेटून आलेल्या चार जपानी मुलांपैकी एक, आता म्हातारा झालेला, चौथ्या दिवशी मेला. हात हलवला नाही. फेरेराला शिव्या घालायच्या असतील त्यांनी आधी पाच मिनिटं भिंतीला पाय लावून उलटं राहून बघावं. मला तरी हिंमत होत नाही त्याला काही म्हणायची.

इथून पुढे लिहिताना राग जरा ओसरतोय, कारण यानंतरचे लोक हातपाय गाळून बसले नाहीत. "रक्तसाक्ष्यांचं रक्त हे ख्रिस्तसभेचं बी" असं प्रवचनात म्हणणं फार सोपं आहे. बी पेरल्यावर शेताची राखण कोणी केली? १६४४ मध्ये शेवटचा फादर, कोनिशी मान्शो, मारला गेला. त्यानंतर मिस्सा नाही, कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) नाही. नागासाकीच्या गावांत दरवर्षी घरोघर येशूची, मरियेची मूर्ती कोरलेली पाटी जमिनीवर ठेवायचे आणि तिच्यावर पाय द्यायला लावायचे. लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी दिला. घरी आले आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. तिला ते कोंचिरिसान म्हणत, पोर्तुगीज शब्दच तोंडात बसलेला. गुपचूप मंडळी बांधलेली होती: एकजण पंचांग सांभाळायचा, म्हणजे कुठला सण कधी आणि उपास कधी, एकजण पाणी द्यायचा, म्हणजे बाप्तिस्मा, एकजण घरोघर निरोप पोचवायचा. बापाने मुलाला शिकवायचं, मुलाने नातवाला.

आता तोमासचं पत्र परत वाचा. फादर नसला तरी मनापासून पश्चात्ताप कर. दोनशेहून जास्त वर्षं तिथल्या माणसांनी नेमकं हेच केलं. पोराने आईला सांगितलेलं काम अख्ख्या गावांनी केलं, पत्र न वाचता.

१८६२ ला २६ जण संत झाले, म्हणून फ्रेंच फादरांनी नागासाकीच्या ओउरा टेकडीवर त्यांच्या नावाचं चर्च बांधलं, त्यांना जिथे मारलं त्या निशिझाका टेकडीकडे तोंड करून. १७ मार्च १८६५ ला नागासाकीजवळच्या उराकामी गावाचे काही शेतकरी आत आले. फादर पतिजाँ प्रार्थनेला बसले होते. एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? या लोकांनी फादरची परीक्षाही घेतली: मरिया मानता का, रोममध्ये पोप आहे का, तुम्हाला बायको आहे का. यात चमत्कार एकच. प्रश्न बरोबर होते. (पुढे याच उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना सरकारने हद्दपार केलं. बंदी उठली १८७३ ला.)

गोन्सालोचं राहिलंच. पोर्तुगीज बाप, वसईची आई. पंधराव्या वर्षाच्या आसपास येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, भाषा अशी शिकला की तिथल्यांना धर्म शिकवू लागला. संघात घेतील म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहिली. घेतलं नाही. मग दुकान टाकलं, धंदा चांगला चालला. तो बंद करून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ ला पुन्हा जपान, मनिलाहून आलेल्या स्पॅनिश वकिलातीचा दुभाष्या म्हणून. आयुष्यभराचं काम काय? दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला नीट पोचवणं. शब्द इकडचा तिकडे झाला तर वकिलात बुडायची. आणि त्याच माणसाबद्दल आपण तीन ओळींचा मेसेज धड पोचवू शकत नाही!

ग्रुपवर दुरुस्ती टाकलीय: २६ पैकी तीन फादर, गोन्सालो ब्रदर, खिळे नाहीत, कडी. सोबत तोमासचं पत्र मराठीत करून दिलंय. आत्तापर्यंत नऊ आमेन, आणि एका काकूंचा प्रश्न: "त्या आईला पत्र शेवटी मिळालं का रे?"